१६२७ च्या गावात १८५२ ची गाय

१/
इ.स. १६२७ म्हटले की मराठी इतिहासप्रेमींना प्रथम शिवजन्मतिथीचा जुना वाद आठवतो. त्यापाठोपाठ दुसरा इब्राहिम आदिलशहा आणि जहांगीर यांचे मृत्यू. त्याच वर्षी गुराढोरांच्या इतिहासातल्याही दोन घटना घडल्या. एक पोलंडच्या अरण्यात, दुसरी अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एका लहानशा इंग्रज वसाहतीत. दोहोंचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. मात्र जुने गोवंश पोसणे हे संग्रहालयांचे कर्तव्य आहे की नुसती हौस, हा जो वाद अधूनमधून रंगतो, तो या दोन घटना शेजारी ठेवल्या की बराचसा निकालात निघतो.

२/
पोलंडमधील याक्तोरूव्हच्या अरण्यात ऑरॉक्स नावाच्या रानगुरांचा अखेरचा कळप उरला होता. जगातली सारी पाळीव गुरे, युरोपातली बिनवशिंडाची आणि भारतातली वशिंडाची, याच रानगुरांच्या निरनिराळ्या शाखांपासून झालेली. कळपाला राजाचे संरक्षण होते. राखणदार नेमलेले होते. तपासनीस येऊन शिरगणती करून जात. १५६४ मध्ये ३८ जनावरे मोजली गेली. १६२० मध्ये एक गाय उरली. १६२७ मध्ये ती मेली. अखेरच्या नराचे मढवलेले शिंग स्टॉकहोमच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रहालयात आजही पाहता येते.

३/
विसाव्या शतकात जर्मनीतील हेक बंधूंनी निरनिराळ्या पाळीव जातींचा संकर करून ऑरॉक्स 'परत आणण्याचा' खटाटोप केला. त्यातून जे जनावर निपजले त्याला जग 'हेक गुरे' म्हणते. ऑरॉक्स म्हणत नाही. राजाचे संरक्षण, मोजदाद, कागदपत्रे, सारे काही होते. वंश मात्र तुटला आणि मागे एक शिंग राहिले.

४/
आता अमेरिकेकडे. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजाने प्लिमथला उतरलेल्या इंग्रज वसाहतकारांजवळ गुरे नव्हती. ती पुढच्या काही वर्षांत एकेका जहाजाने आली. २२ मे १६२७ रोजी (तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची) वसाहतीने ठरवले की सामायिक मालकीची गुरे आणि शेळ्या माणसांत वाटून द्याव्यात. माणसांचे १२ गट पाडले, प्रत्येक गटात १३ जण. वाट्याला आलेले जनावर दहा वर्षे सांभाळायचे. वाढीचा अर्धा हिस्सा सांभाळणाऱ्यांचा, मूळ जनावर आणि उरलेला अर्धा हिस्सा सर्वांचा. महाराष्ट्रातल्या खेड्यांत आजही गाय 'अर्धलीने' देतात, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

५/
या वाटणीची यादी शिल्लक आहे आणि ती विलक्षण आहे. तीत १५६ माणसांची नावे आहेत. पाळण्यातली मुले, बायका, कोणी वगळलेले नाही. म्हणजे गुरांच्या निमित्ताने त्या गावाची जनगणनाच झाली. आणि गुरांचीही वर्णने आहेत: 'अ‍ॅन' जहाजाने आलेली मोठी काळी गाय, पाठीवर पांढरा पट्टा असलेली मोठी गाय, 'जेकब' जहाजाने आलेल्या चार काळ्या कालवडी, त्यांतली एक गुळगुळीत शिंगांची, एक आंधळी, एकीचे नावच मुळी 'रॅगहॉर्न', म्हणजे फाटक्या शिंगाची. एक पांढऱ्या पोटाची. आणि एक तांबडी गाय, जी वसाहतीतल्या गरिबांच्या मालकीची. ढवळी, बांडी, मोरी, कपिली अशी नावे ठेवणाऱ्या समाजाला ही यादी परकी वाटू नये.

६/
प्लिमथच्या त्या वसाहतीची प्रतिकृती आज मॅसॅच्युसेट्समध्ये उभी आहे. १९४७ साली स्थापन झालेले हे संग्रहालय पूर्वी 'प्लिमथ प्लँटेशन' म्हणून ओळखले जाई; २०२० पासून त्याचे नाव 'प्लिमथ पटक्सेट' आहे. पटक्सेट हे तिथल्या मूळ वांपानोआग वस्तीचे नाव. इंग्रज गावाचा देखावा दीर्घकाळ १६२७ याच वर्षाचा ठेवण्यात आला. काचेच्या पेटीतल्या वस्तू दाखवणारे हे संग्रहालय नव्हे. घरे गवताने शाकारलेली, चुली पेटलेल्या, माणसे त्या काळच्या वेषात त्या काळची कामे करणारी. अशांना 'जिवंत इतिहासाची संग्रहालये' म्हणतात. या कल्पनेचा उगम सहसा स्टॉकहोमच्या स्कान्सेनपर्यंत नेला जातो. ते आर्थर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये उघडले आणि तिथे प्रारंभापासून घरांबरोबर जनावरेही होती. ज्या शहरात ऑरॉक्सचे शिंग आहे तेच हे शहर.

७/
आता प्रश्न असा: अशा गावात गोठ्यात काय बांधायचे?

८/
सोपे उत्तर: शेजारच्या दूधवाल्याकडची काळीपांढरी होल्स्टीन. स्वस्त, सहज मिळणारी, शांत. प्रेक्षकांना काय कळते? गाय ती गाय.

हे उत्तर देणाऱ्यांनी एक तारीख पाहावी. होल्स्टीन गाय अमेरिकेत प्रथम आली १८५२ मध्ये, बोस्टनला, एका डच जहाजावरून. १६२७ च्या गावात ती बांधणे म्हणजे २२५ वर्षांची चूक. शिवकालीन चित्रपटात पेशवाई पगडी दिसली की जे तरुण रात्रभर पुरावे टाकत बसतात, धोप आणि पट्टा यांतला फरक न कळणाऱ्या दिग्दर्शकाला जे सोडत नाहीत, त्यांनी या चुकीकडे मात्र डोळेझाक करावी, हे अजब आहे. पगडी चुकली तर दुसरी बांधता येते.

९/
गाय केवळ रंगाने चुकत नाही. आजची होल्स्टीन ही खुराक, यंत्र आणि दवाखाना यांच्या आधारावर उभी असलेली अजस्र दूधगाय आहे. ती सतराव्या शतकातल्या गोठ्याच्या दारातून नीट आत जाणार नाही. नुसत्या वाळल्या गवतावर हिवाळा काढणार नाही. ती शेजारी उभी राहिली की लोण्याची रवी, दुधाची कासंडी, कुंपणाची उंची, जू, गाडी, या सगळ्यांची मापे खोटी दिसू लागतात. प्रेक्षकाच्या मनात मग प्रश्न उमटतो तो चुकीचाच: इतके दूध असताना ही माणसे उपाशी कशी?

१०/
हा विचार कोणा एका चक्रम अभ्यासकाचा नव्हे. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षे पूर्ण होत होती. ठिकठिकाणची ऐतिहासिक गावे आणि शेतघरे काळाला साजेशी जनावरे शोधू लागली, आणि ती सापडेनात. इतिहासाच्या पुस्तकात ठायी ठायी उल्लेखलेली गुरे, मेंढ्या, डुकरे कुठे पाच-पन्नास उरलेली, कुठे पार नाहीशी. या शोधाशोधीतून १९७७ मध्ये 'अमेरिकन मायनर ब्रीड्स कन्झर्व्हन्सी' ही संस्था उभी राहिली. आज ती 'लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी' म्हणून ओळखली जाते. ब्रिटनमध्ये असाच 'रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट' १९७३ मध्ये स्थापन झाला होता. १९०० पासून तोपर्यंत तिथल्या २६ देशी पशुवंशांचा निर्वंश झाल्याचे ती संस्था सांगते.

११/
हे निर्वंश लढायांनी झाले नाहीत, रोगांच्या साथींनीही फारसे नाहीत. सौदा बदलला, एवढेच. ट्रॅक्टर आला तेव्हा बैल नको झाला. दुधाचा भाव लिटरावर ठरू लागला तेव्हा कमी पण दाट दूध देणारी गाय तोट्याची ठरली. कृत्रिम रेतनाने एका वळूची हजारो वासरे होऊ लागली तेव्हा गावोगावचे वळू खाटकाकडे गेले. प्रत्येक शेतकऱ्याचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा होता. म्हणूनच तो कोणाला थांबवता आला नाही, आणि त्याला दोष देणेही अन्यायाचे होईल.

१२/
डेव्हन गुरांची कथा यात सर्वांत बोलकी आहे. इंग्लंडच्या नैऋत्येकडील डेव्हन परगण्याची ही गर्द तांबडी, शिंगाळू गुरे. एकाच जनावरातून तीन कामे: घट्ट साय धरणारे दूध, मांस आणि ओढकाम. डेव्हनचा बैल चपळ चालीसाठी नावाजलेला. न्यू इंग्लंडच्या दगडाळ, चढउताराच्या शेतांत त्याला मोठा मान होता. पुढे इंग्लंडमध्ये ही जात मांसासाठी घडवण्यात आली. अमेरिकेतही १९५२ मध्ये तिथल्या डेव्हन पालकांच्या संघाने मांसाचीच वाट धरली. न्यू इंग्लंडमधल्या थोड्या हट्टी शेतकऱ्यांनी ते मानले नाही. त्यांनी जुनी त्रिगुणी गाय सोडली नाही आणि १९७८ मध्ये निराळी वंशावळ-नोंदवही सुरू केली. आज 'अमेरिकन मिल्किंग डेव्हन' म्हणून जी गाय ओळखली जाते ती त्या हट्टाची कमाई. आणि गंमत पाहा: हा जुना त्रिगुणी नमुना मायदेशी डेव्हनमध्ये हरवला, परदेशी टिकला.

१३/
या हट्टी शेतकऱ्यांना गिऱ्हाईक कोण होते? जुन्या गुरांची चौकशी करत येणाऱ्यांत जिवंत इतिहासाची संग्रहालये होती. व्हर्जिनियातील कलोनियल विल्यम्सबर्ग, वॉशिंग्टनचे माउंट व्हर्नन, प्लिमथ, अशा ठिकाणी डेव्हन गुरे दिसतात ती योगायोगाने नव्हे. एरवी दुधाळ जातीच्या गोऱ्ह्याला बाजारात किंमत नसते. त्याला औताला धरून तयार केला की त्याला किंमत येते, आणि मग त्याची आई ठेवणे परवडते. संग्रहालयाने विकत घेतलेली बैलजोडी ही अशा रीतीने एका गोठ्याचा हिशेब बदलते.

१४/
आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो भावनिक नाही, ऐतिहासिक आहे, म्हणून त्याला सन्मानाने उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात: '१६२७ मध्ये डेव्हन नावाची जातच नव्हती. जात म्हणजे बंदिस्त वंशावळ. गुरांची पहिली वंशावळ-नोंदवही म्हणजे शॉर्टहॉर्नची, १८२२ ची. डेव्हनची तर १८५० च्या सुमाराची. रॉबर्ट बेकवेलने निवडक पैदाशीचे प्रयोग केले तेच अठराव्या शतकात. तेव्हा तुमची तांबडी डेव्हन हीदेखील पेशवाई पगडीच.'

१५/
मुद्दा खरा आहे. वरची यादीच त्याची साक्ष देते: तीत एकाही गाईच्या जातीचे नाव नाही, काळ्या, तांबड्या, पांढऱ्या पाठीच्या, पांढऱ्या पोटाच्या, अशी सरमिसळ आहे. गव्हर्नर ब्रॅडफर्डच्या लिखाणात एडवर्ड विन्स्लोने तीन कालवडी आणि एक वळू आणल्याचा उल्लेख आहे, तिथेही जातीचा पत्ता नाही. 'अमेरिकेतली पहिली गुरे डेव्हनच' हे विधान परंपरेचे आहे, दप्तराचे नाही. ते छातीठोकपणे पाटीवर लिहिणाऱ्या संग्रहालयांना झोडपलेच पाहिजे.

१६/
पण यातून 'म्हणून कोणतीही गाय चालेल' हा निष्कर्ष निघत नाही. हा म्हणजे अस्सल पत्र मिळत नाही म्हणून विश्वासार्ह नक्कलही फेकून देण्याचा न्याय झाला. अस्सल फर्मान हरवले असेल तर इतिहासकार त्याची जुनी नक्कल वापरतो, आणि ती नक्कल आहे असे स्पष्ट नोंदवतो. डेव्हन ही तशी नक्कल आहे. आकाराने मध्यम, शिंगे असलेली, गवतावर जगणारी, दूध आणि ओढ दोन्ही देणारी. सतराव्या शतकातल्या इंग्रज गुरांच्या जवळ जाणारे जे देह आज उपलब्ध आहेत त्यांतला एक. प्लिमथच्या गोठ्यात तांबड्या डेव्हनबरोबर आयर्लंडची काळी केरी गायही ठेवली गेली, ती याच तर्काने. पाटीवर 'ही तीच गाय' असे न लिहिता 'ही तिच्या सर्वांत जवळची' असे लिहिले की वाद मिटतो.

१७/
ही पद्धत पुरातत्त्वात मान्यता पावलेली आहे. इंग्लंडमधील बुट्सर येथे पीटर रेनॉल्ड्स यांनी १९७२ पासून लोहयुगीन शेत पुन्हा उभे केले. त्या काळची लहान चणीची गुरे नामशेष झालेली. रेनॉल्ड्स यांनी त्यांच्या हाडांच्या मापाशी जुळणारी डेक्स्टर गुरे निवडली, त्यांना जुवाला शिकवले आणि प्राचीन लाकडी नांगराच्या प्रतिकृतीला जुंपले. त्या नांगराने माती कशी फुटते, हे मग प्रत्यक्ष पाहता आले. हा प्रयोग ट्रॅक्टरला दोरी बांधून झाला नसता. डेक्स्टरही नामशेष झाली असती तर तो झालाच नसता.

१८/
दुसरा आक्षेप आधुनिक आहे: 'वीर्य गोठवून ठेवा. द्रव नायट्रोजनच्या टाकीत वंश सुरक्षित. गोठा, वैरण, गुराखी हवेत कशाला?'

जनुकपेढ्या हव्यातच, त्यांना कोणाचा विरोध नाही. पण टाकीत बैल नसतो. बैल हा निम्मा जन्मतो आणि निम्मा घडवला जातो. वासरू असल्यापासून जोडीदाराबरोबर चालण्याची सवय, हाकेला वळण्याची सवय, दगडात फाळ अडकला की थांबण्याची सवय, हे गोठवता येत नाही. तसेच ते शिकवणाऱ्या माणसाचेही. गुरे गेली की वीस वर्षांत गुरे हाकणाराही जातो, आणि मग पुस्तकातले वाक्य वाचून कोणी जू बांधू लागला तर बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात.

१९/
जुवाचेच उदाहरण घ्यावे. इंग्लंड-अमेरिकेच्या पद्धतीत जुवाखाली लाकडाची वाकवलेली कमान असते आणि ती बैलाच्या गळ्याभोवती येते, कारण तिथल्या बैलाला वशिंड नाही. भारतात जू वशिंडाच्या पुढ्यात टेकते. म्हणजे जू ही स्वतंत्र वस्तू नाहीच. ते एका विशिष्ट देहाचे माप आहे. काचेच्या पेटीत ठेवलेल्या जुवाला तो देह नसेल तर ते वाकडे लाकूड. नालांचेही तसेच. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका खुराला दोन पत्र्या, चार पायांना आठ. बैल घोड्यासारखा तीन पायांवर सुखाने उभा राहत नाही, म्हणून न्यू इंग्लंडमध्ये त्याला चौकटीत पट्ट्यांनी तोलून नाल ठोकत. महाराष्ट्रातला नालबंद दोरखंडाने बैल पाडून तेच काम करतो. एकाच शरीररचनेला दोन समाजांनी दिलेली ही दोन उत्तरे. जिवंत बैल समोर नसेल तर मूळ प्रश्नच दिसत नाही.

२०/
एक कडू गोष्टही जिवंत गुरांमुळेच दिसते. प्लिमथची गुरे मोकळी चरत. शेताला कुंपण घालायचे, गुरांना नव्हे, ही वसाहतींची रीत. ती गुरे मूळ रहिवाशांच्या मक्याच्या शेतांत शिरत, आणि त्यावरून पुढची अनेक दशके तंटे झाले. गाय ही तिथे बंदुकीइतकीच वसाहतवादाची साधन होती. शिंगाळू, धट्टीकट्टी, कुंपण ढकलणारी गाय डोळ्यांनी पाहिली की हे वाक्य समजते. चित्रातल्या गोंडस गाईवरून समजत नाही.

२१/
खर्चाचा आक्षेप थोडक्यात. होय, गुरे महाग पडतात. छपरे शाकारणेही महाग पडते. ज्या संग्रहालयाला जिवंत इतिहास परवडत नाही त्याने नावातला 'जिवंत' हा शब्द काढावा.

२२/
मात्र टीकेचा मोठा वाटा संग्रहालयांच्याच पदरात घातला पाहिजे. फोटोपुरती एक बैलजोडी ठेवणे म्हणजे वंश सांभाळणे नव्हे. बैल खच्ची केलेला असतो, त्याच्यापुढे वंश नाही. एकच गाय आणि दर वर्षी मिळेल त्या वळूचे रेतन, हेही नव्हे. वंश सांभाळायचा तर वंशावळ लिहावी लागते, जवळच्या नात्यात पैदास टाळावी लागते, वासरे इतर पालकांना द्यावी लागतात, त्यांच्याकडून वळू आणावे लागतात. कलोनियल विल्यम्सबर्गने १९८६ मध्ये दुर्मीळ पशुवंशांचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला. अमेरिकेत नाहीशा झालेल्या लेस्टर लाँगवूल मेंढ्या त्यांनी १९९० मध्ये थेट टास्मानियातून आणवल्या आणि पुढे इतर पालकांकडे कळप वाटले. साथ आली, आग लागली, संचालक बदलला, तरी एका जागेवर सगळे अवलंबून राहत नाही. हा संग्रहालयाचा खरा गोठा. फोटोतला तो नाट्यगृहाचा.

२३/
आणि नर वासरांचे काय, हा प्रश्न पाटीवर कधीच नसतो. दर वर्षी जन्मणाऱ्या वासरांतले निम्मे नर. सगळ्यांचे बैल होत नाहीत, सगळे वळू म्हणून ठेवता येत नाहीत. अमेरिकेत आणि युरोपात त्यांचे मांस होते. जुन्या जातींचे पालक तर उघड सांगतात की त्या जातीचे दूध, मांस, ओढ यांना गिऱ्हाईक असेल तरच ती जगेल. प्रेक्षक दुखावतील म्हणून संग्रहालये हे कुजबुजत सांगतात. सतराव्या शतकातल्या शेतकऱ्याने हिवाळ्यापूर्वी कोणती जनावरे ठेवायची आणि कोणती नाही हे ठरवले नसते तर तो वसंत ऋतू पाहू शकला नसता. ते लपवणारे गाव १६२७ चे नाही.

२४/
'जुन्या गाईंचा आजच्या जगाला उपयोग काय' असे विचारणाऱ्यांसाठी एक हकीकत. १९६२ मध्ये जन्मलेला 'चीफ' नावाचा होल्स्टीन वळू दुधाच्या दृष्टीने असामान्य ठरला. त्याचे वीर्य जगभर गेले. त्याच्या रक्तात एक घातक दोष दडलेला होता. दोन्हीकडून तो दोष आला की वासरू गर्भातच मरते. संशोधकांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला: सुमारे ३५ वर्षांत जगभर पाच लाखांहून अधिक गर्भपात आणि सुमारे ४२ कोटी डॉलरचे नुकसान. उत्तर अमेरिकेतल्या जवळजवळ साऱ्या होल्स्टीन वळूंची पितृपरंपरा आज दोनच वळूंपर्यंत पोचते, त्यांतला एक चीफ. कोट्यवधी गाई आणि दोन बाप. ज्यांच्याकडे निराळे रक्त आहे अशा लहान कळपांना हौस म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

२५/
महाराष्ट्राचा या कथेशी संबंध नाही असे वाटत असेल तर कृष्णाकाठी यावे. एकोणिसाव्या शतकात सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने कृष्णेच्या चिकट काळ्या जमिनीसाठी एक धिप्पाड गोवंश घडवण्यात आला: कृष्णा खोरे जात. गीर, ओंगोल, कांक्रेज आणि स्थानिक म्हैसुरी गुरे यांच्या संकरातून तो सिद्ध झाला. अमेरिकेतल्या प्रसिद्ध 'ब्राह्मन' गुरांच्या मूळ घडणीत जे चार भारतीय वंश सांगितले जातात, त्यांत गीर, गुजरात, नेल्लोर यांच्याबरोबर कृष्णा खोऱ्याचेही नाव आहे. अमेरिकेच्या कुरणात कृष्णाकाठचे रक्त आहे. कृष्णाकाठी मात्र ती जात मोजक्या गोठ्यांत उरली.

२६/
१९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ'सारख्या संस्थांनी संकरित गाई घरोघर पोचवल्या. त्यातून अनेक गरीब कुटुंबांत दूध आणि पैसा आला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण २०१९ च्या पशुगणनेत देशी गुरे २०१२ च्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी घटली आणि विदेशी व संकरित गुरे सुमारे २७ टक्क्यांनी वाढली, हेही तितकेच खरे आहे. पोळ्याला बैलाची पूजा होते; पूजेने वंशावळ लिहिली जात नाही. आणि वशिंड जेमतेम असलेल्या संकरित गोऱ्ह्यावर जू नीट बसत नाही, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

२७/
कोल्हापूरजवळ कणेरी येथे बारा बलुतेदारांचे गाव शिल्पांतून उभे केलेले आहे. हजारो मुले ते पाहतात आणि त्यातून बरेच शिकतात. त्यापुढचे पाऊल अद्याप पडायचे आहे. घाटमाथ्याच्या पावसात भाताची चिखलणी करणारी डांगी बैलजोडी, माणदेशी मातीत पाभर ओढणारी खिल्लार, बालाघाटच्या बाजूची देवणी आणि लाल कंधारी, विदर्भातली गवळाऊ, कोकणची बुटकी कपिला. यांतली प्रत्येक जात एका जमिनीला आणि एका पावसाला दिलेले उत्तर आहे. शिवकालीन गावाच्या प्रत्येक चित्रात, चित्रपटात आणि देखाव्यात यांपैकी कोण कुठे शोभते, हे विचारायला पगडीच्या अभ्यासाइतकाच अभ्यास लागतो. तो मराठीत फार थोड्यांनी केला आहे.

२८/
पुढच्या वेळी कोणत्याही 'ऐतिहासिक गावात' गेल्यावर तरुण वाचकांनी मार्गदर्शकाला चार प्रश्न विचारावेत. या गाईची आई कोण, वळू कोण? ती शेवटची कधी व्याली? ते वासरू आज कोणाच्या दावणीला आहे? आणि तो कोपऱ्यातला नांगर शेवटचा कधी मातीत गेला?

#इतिहास #पशुवंश #संग्रहालये